पिवळा ठिपका

मंगळवारी सकाळी कॉफी पिऊन खोलीकडे आलो, तर माझ्या दारावरचा हिरवा ठिपका पिवळा झाला होता. ठिपका म्हणजे कोटाच्या बटणाएवढा चिकटणारा कागद. आमच्या वृद्धांच्या होममध्ये एकवीस खोल्या आहेत, प्रत्येक दारावर नावाची पाटी आहे आणि पाटीखाली एक ठिपका. हिरवा म्हणजे हा माणूस आपलं आपण करतो, पिवळा म्हणजे त्याला मदत लागते, लाल म्हणजे सगळंच दुसऱ्याने करायचं. काम करणाऱ्यांना खोलीत शिरण्याआधी कळावं म्हणून केलेली ही सोय आहे, आणि दीड वर्षापूर्वी मी इथे राहायला आलो तेव्हा तिचं सगळ्यात जास्त कौतुक मीच केलं होतं. करणारच. भोसरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी तपासनीस होतो. गिअरची मापं घ्यायची आणि जॉबला, म्हणजे त्या नगाला, चिठ्ठी बांधायची. हिरवी बांधली की माल पुढे गेला, पिवळी बांधली की पुन्हा मशीनवर, लाल बांधली की भंगारात. इतक्या वर्षांत एकाही गिअरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे चिठ्ठी बांधून घेताना कसं वाटतं याचा विचार करायची वेळ आली नव्हती. ती त्या सकाळी आली. कोपऱ्यावरून सगुणाबाईंची चाकाची खुर्ची येत होती, आणि त्यांनी पाहू नये म्हणून मी चक्क चौकटीला पाठ लावून उभा राहिलो.

पिवळ्याचा खरा अर्थ बाथरूममध्ये कळतो. हिरवा माणूस आत जातो, कडी लावतो, आणि त्याची अंघोळ ही त्याची एकट्याची असते. पिवळ्या माणसाबरोबर भीमप्पा आत येतो. भीमप्पा रायचूरकडचा, पन्नाशीचा, कामाला चोख आणि बोलायला कमी. त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही, पण तो टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या दारात उभा राहिला आणि "सार, स्नान" म्हणाला, तेव्हा मी एक पाऊल मागे घेतलं. "इवत्तु बेड," मी म्हटलं. आज नको. "नाळे?" त्याने विचारलं. उद्या? मी म्हटलं, नाळे. मला कानडीचे चाळीसेक शब्द येतात आणि त्यातले दोन-तीन त्या सकाळी कामी आले. मग मी दार लावून ओल्या पंच्याने अंग पुसून काढलं. तापात सोडून मी कधी अंघोळ चुकवली असेल असं मला आठवत नाही. कारखान्याच्या संपातही चुकवली नव्हती. पण शहात्तर वर्षांच्या माणसाने दुसऱ्या पुरुषासमोर उघडं उभं राहायचं, त्याने पाठीवर पाणी घालायचं, काखा धुवायच्या, हे मला जमणार नाही. मला लाज वाटते. यात काही तत्त्व नाही, स्वाभिमान वगैरे मोठे शब्द नाहीत, नुसती लाज आहे, आणि ती वयाबरोबर कमी होते असं जे म्हणतात त्यांचं बहुतेक अजून वय झालेलं नसतं.

मला इथे कोणी आणून टाकलेलं नाही, हे सांगून ठेवतो, कारण पुण्याच्या नातेवाइकांचा तसा समज आहे आणि तो त्यांना सोडवत नाही. आमची ही गेल्यावर मी मुलीकडे, सुखदाकडे, बेंगळुरात इंदिरानगरला आठ महिने होतो. मुलगी चांगली, जावई चांगला, पण दोघंही सकाळी लॅपटॉप उघडत ते रात्री मिटत, आणि मी दिवसभर फ्रिजचा आवाज ऐकत बसे. मल्लेश्वरममधलं हे होम मीच शोधलं. पाहायला आलो तेव्हा आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग भांडी घासायची जागा, मग चादरी वाळत घालायची गच्ची. सगळीकडे बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. सुखदा रडली, मी नाही रडलो. सात वाजता कॉफी, आठला इडली किंवा उप्पिट, मग व्यायाम घेणारी मुलगी येते आणि आम्हा सगळ्यांना हात वर करायला लावते, बाराला जेवण. अन्न-सारू म्हणजे भात-आमटी, एक पल्या म्हणजे सुकी भाजी, ताक. आमटी गोड नसते हे एक दुःख आहे, पण तेवढ्यासाठी कोणी गाव सोडत नाही. इथे मला बरं वाटतं. म्हणूनच तो ठिपका इतका लागला. परक्याने केला असता तर मी भांडून मोकळा झालो असतो.

भांडायला गेलोच. मॅनेजर रम्या इथलीच, मल्लेश्वरममध्ये वाढलेली, पस्तिशीची, शांत. तिने रोजनामचा उघडून माझ्यासमोर सरकवला. नोंद इंग्रजीत होती आणि खाली नव्या नर्सची, जेसिंताची, सही. जेवणाआधी ताटाभोवती पाणी सांडतात. भाताचे बारीक घास टेबलावर काढून ठेवतात. त्या वेळी स्वतःशी पुटपुटतात. पूर्वी असं करत नसत. साधारण दोन आठवडे दिसतं आहे. गोंधळलेपण असू शकेल, लक्ष ठेवावं. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मला हसू आलं आणि त्याच वेळी कान तापले. अहो, ती चित्राहुती होती. ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या हाताला भाताची चार-पाच शितं ठेवायची, चित्राची, चित्रगुप्ताची, यमाची, बाकीच्या भूतमात्रांची, मग तळहातावरचं घोटभर पाणी प्यायचं आणि जेवायला लागायचं. माझे वडील रोज करायचे. जेसिंता म्हणजे झारखंडची पंचवीस वर्षांची ख्रिस्ती मुलगी. तिने कुठे पाहिलं असणार? तिने जे दिसलं ते लिहिलं, आणि तपासनिसाच्या नजरेने सांगतो, नोंद चोख होती. काय केलं, किती वेळा, कधीपासून. आमच्या खात्यात अशी नोंद लिहिणारे दोन होते, त्यातला एक मी.

मी रम्याला तिथे काहीच समजावलं नाही. आपल्या तोंडाने आपलं शहाणपण सिद्ध करायला लागलं की माणूस जास्तच वेडा दिसतो, एवढं मला कळतं. ते काम जेवणाच्या टेबलावर सगुणाबाईंनी केलं. सगुणाबाई माझ्या समोर बसतात. एक्क्याऐंशी वर्षांच्या, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, आणि त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून बेंगळुरात आहे. मला त्या पुण्याहून काल आलेला पाहुणा समजतात. माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, तरी मला अण्णा म्हणतात. मी त्या दिवशी ताटाला पाणी न फिरवता सरळ भातात हात घातला, ते त्यांनी लगेच पाहिलं.

"काय अण्णा, आज देवाला उपास?"

"त्याच्यापायी पिवळा झालोय," मी म्हटलं आणि हळू आवाजात नोंदीचं सांगितलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाठीवर थापट्या मारायला रम्या धावत आली, आणि तिच्या हाताला धरून सगुणाबाईंनी तिला तिथेच कानडीत सगळं ऐकवलं. रम्याने कपाळाला हात लावला. तिचे आजोबाही हे रोज करत, ती म्हणाली. पण इंग्रजीत लिहिलेलं वाचताना आजोबा काही डोळ्यांपुढे आले नाहीत. तिने माझी माफी मागितली. हिरव्याचा पिवळा नर्सच्या नोंदीवर होतो, पण पिवळ्याचा पुन्हा हिरवा गुरुवारी डॉक्टर आल्यावरच होतो, तो नियम आहे, पण गुरुवारी पहिलं काम माझंच, असं ती म्हणाली.

"सरी, झालं की," सगुणाबाई मला म्हणाल्या. "माझा दोन वर्षं पिवळा हाय. हळदीचा रंग, त्यात काय वंगाळ? जेवा आता स्वल्प, थंड होतंय."

म्हणजे मी जिंकलो होतो. दोन दिवस ओल्या पंच्यावर काढायचे, आणि शुक्रवारपासून माझी कडी माझ्या हातात. संध्याकाळी सुखदाचा फोन आला. "बाबा, मला ॲपवर मेसेज आलाय, सेल्फ-केअर असिस्टेड म्हणून. म्हणजे एक्झॅक्टली काय झालंय?" मी तिला चित्राहुतीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. ती हसली, मग थांबली. "बाकी सगळं ओके आहे ना? तुम्ही पडला-बिडला नाहीत ना? प्लीज सांगा हं, मी मीटिंग सोडून येईन." मी म्हटलं, "छे गं, मला काय होतंय." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. खिडकीबाहेर समोरच्या घराची बाई संपिगेची म्हणजे सोनचाफ्याची फुलं वेचत होती, तो वास येत होता, आणि माझ्या उजव्या खुब्यावर, पायजम्याच्या नाडीखाली, तळहाताएवढा काळानिळा डाग होता.

आता लपवण्यात अर्थ नाही. सोळा दिवसांपूर्वी मी अंघोळीला गेलो, कडी लावली, आणि साबणाच्या फेसावर पाय सरकून खाली बसलो. पडलो असं मी मनातसुद्धा म्हणत नव्हतो. बसलो म्हणत होतो. बादली आणि भिंत यांच्यामध्ये असा बसलो की एक पाय खाली दुमडलेला, आणि उठता येईना. कडी वर, हात पोचेना. बाहेर नाश्त्याच्या गाडीचा आवाज येत होता, पेले खणखणत होते, भीमप्पा कोणाशी तरी बोलत होता, सगळं चार हातांवर. हाक मारली असती तर अर्ध्या मिनिटात दार मोडून आत आले असते. मी हाक मारली नाही. दार मोडून येतील आणि मला असं बघतील, या विचाराने तोंड उघडेना. वीस मिनिटं झाली असतील. पाणी गार झालं, दात वाजायला लागले, आणि मला भीती वाटली, अगदी लहानपणी विहिरीत डोकावून वाटायची तशी. वाटलं, आता इथेच. आणि या विचाराच्या शेजारीच दुसरा होता, की निदान टॉवेल तरी हाताशी असायला हवा होता. शेवटी बादली ओतून पालथी केली, तिच्यावर दोन्ही हात टेकले, आधी गुडघ्यावर आलो, मग नळाला धरून उभा राहिलो. अंग पुसलं, कपडे घातले, बाहेर येऊन इडली खाल्ली. कोणाला काही कळलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच दुपारी जेवायला बसलो, आणि साठ वर्षांत न केलेली गोष्ट माझ्या हाताने केली. मुंजीनंतर शाळा संपेपर्यंत करत होतो, मग कॉलेज, मग कारखान्याचं कॅन्टीन आणि तिथले खणाखणांचे पत्र्याचे ट्रे. सगळं विसरून गेलो होतो. देवाधर्माचा मी नव्हेच. पण हाताने पाणी घेतलं, ताटाभोवती फिरवलं, शितं ठेवली, आणि यमाच्या शितापाशी तो जरा जास्त वेळ थांबला. त्या दिवसापासून रोज.

बुधवारी दुपारी जेसिंता रक्तदाबाचं यंत्र घेऊन आली. ठेंगणी, गंभीर मुलगी, कानात काही नाही, हातात काही नाही, घड्याळ तेवढं छातीला पिनेने टाचलेलं. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळताना खाली बघून म्हणाली, "अंकल, सॉरी. मुझे समझना चाहिए था. हमारे गाँव में दादा लोग भी खाने से पहले थोड़ा नीचे रखते हैं, पुरखों के लिए." मी मोठेपणाने म्हटलं, "कोई बात नहीं, तुमने बराबर लिखा था." तिने फुगा दाबला, आकडा पाहिला, लिहिला. मग पट्टा सोडायच्या आधी म्हणाली, "एक बात पूछूँ? मैं जब आई, दो हफ़्ता आप नहीं करते थे. फिर एक दिन चालू किया. क्यों, अंकल?"

खाई त्याला खवखवे. मी म्हटलं, "ऐसेही." ती माझ्याकडे बघत राहिली. भोचकपणाने नव्हे, उत्तराची वाट पाहणारी माणसं बघतात तशी, आणि मला तिची नजर चुकवावी लागली. रम्याने माफी मागितली, सगुणाबाई हसल्या, सुखदा हसली, सगळ्यांचं समाधान झालं. चित्राहुती म्हणजे काय हे एकदा कळल्यावर ती आत्ताच का, हे कोणी विचारलं नाही. या मुलीला तिचा अर्थ माहीत नव्हता म्हणून तिला तारीख दिसली होती. "ठीक है," ती म्हणाली, यंत्र गुंडाळलं आणि गेली. दार तिने हलकेच ओढून घेतलं.

त्या दुपारी मला झोप लागली नाही. मल्हारराव आठवत राहिले. मल्हारराव जाधव, ग्राइंडिंगवरचे ऑपरेटर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या मशीनचा माल म्हणजे डोळे मिटून हिरवी बांधावी असा. मग एका पावसाळ्यात मापं हलायला लागली. फार नाही, केसाएवढी. मी आठवडाभर प्रत्येक शिफ्टचा माल वेगळा मोजला, आकडे मांडले, आणि चूक मशीनची नाही, माणसाची आहे, असं लिहून दिलं. माझं लिहिणं बरोबर होतं. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता आणि ते तो दोन महिने सगळ्यांपासून लपवत होते. त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. निघायच्या आधी ते माझ्या टेबलापाशी आले, हात खिशात घातलेला, आणि म्हणाले, "साहेब, माल लाल करायचा होता, माझी ना नव्हती. पण एकदा मशीनपाशी येऊन विचारायचं तरी." वीस पावलांवर त्यांचं मशीन होतं. मी रोज त्यांच्यासमोरून चहाला जायचो. मी आकडे वाचले आणि माणसाला विचारलं नाही, आणि या गोष्टीची मला इतकी लाज वाटते की ती मी आमच्या हिलासुद्धा कधी सांगितली नव्हती. आणि आज एक पोर माझ्या पलंगापाशी येऊन, दंडाला पट्टा बांधून, नीट विचारून गेली होती. मी तिला ऐसेही म्हटलं होतं.

गुरुवारी अकराला मला ऑफिसात बोलावलं. डॉक्टर होते, रम्या होती, भिंतीला टेकून जेसिंता. रम्याने हिरवा ठिपका आधीच कागदावरून सोडवून बोटाच्या टोकावर घेतला होता. हसत होती. दोन पावलांवर माझी कडी, माझी अंघोळ, माझी लाज सगळं सुरक्षित उभं होतं. नुसतं थँक्यू म्हणायचं होतं. मी म्हटलं, "स्वल्प थांबा." का म्हटलं? चांगुलपणाने म्हटलं असं मला सांगता येणार नाही. मला त्या मुलीसमोर खोटा माल पुढे सरकवता येईना, एवढंच. मी जेसिंताकडे बघून माझ्या भोसरीच्या हिंदीत सांगितलं, "तुमने पूछा था ना, क्यों चालू किया. मैं बाथरूम में गिर गया था. उसी दोपहर से." पडलो हा शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला, तोही हिंदीत.

रम्याच्या बोटावरचा ठिपका तसाच राहिला. डॉक्टरांनी मला टेबलावर निजवून खुबा दाबून पाहिला, पाय फिरवून पाहिला, हाड ठीक आहे म्हणाले, पण फोटो काढायला लावला. जेसिंताने विचारलं, "उठे कैसे, अंकल?" मी बादली पालथी करण्याची युक्ती सांगितली आणि सांगताना मला थोडा अभिमानही वाटला. ती हसली नाही. तिने ती युक्ती लिहून घेतली. मग रम्या हळू आवाजात म्हणाली की आता भीमप्पाला आत जावंच लागेल, तिचा नाइलाज आहे. मला हे माहीत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरी माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी खिडकीकडे वळलो. "मुझे शरम आती है," मी म्हटलं. "बस. दूसरा कुछ नहीं." आयुष्यात इतकं सरळ वाक्य मी कोणत्याही भाषेत बोललो नव्हतो.

"मैं बाहर खड़ी रहूँगी," जेसिंता म्हणाली. "दरवाज़ा बंद, पर कडी नहीं. अंकल अंदर ज़ोर से बोलते रहेंगे. आवाज़ बंद हुई तो मैं पूछूँगी. जवाब नहीं आया, तो मैं अंदर." रम्या डॉक्टरांकडे बघायला लागली. अशी सोय त्यांच्या तक्त्यात नव्हती, तीनच रंग होते. तेव्हा मी त्यांना आमच्या कारखान्यातल्या एका कागदाबद्दल सांगितलं. कधी कधी जॉब मापात नसतो, पण अगदीच टाकाऊही नसतो. मग त्याच्यासाठी वेगळा कागद भरायचा: माप इतकं चुकलं आहे, तरी अमुक जागी, अमुक अटींवर चालेल. खाली तपासनिसाची सही. असे कागद मी वर्षाला चार-पाच भरायचो आणि त्यातला एकही माल परत आला नाही. रम्याने कागद पुढे ओढला आणि मी सांगितलं तसं लिहून काढलं, अटींसह: दोन दांडे बसवायचे, पायाखाली खरखरीत चटई, बसायला स्टूल, कडी काढून टाकायची, दार नुसतं ओढायचं, बोलणं चालू ठेवायचं. महिनाभर पाहायचं. खाली जेसिंताने सही केली. ठिपका पिवळाच राहिला. सुतार दुपारी आला, आणि त्याने कडी काढली तेव्हा तिचे चार स्क्रू मी हातात धरून उभा होतो. संध्याकाळी सुखदाला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, राग आलाय मला. पण सांगितलंत ते बरं केलंत." रविवारी ती दिवसभर येणार आहे, लॅपटॉप न आणता.

शुक्रवारी सकाळी आठला मी आत गेलो. दार ओढलं. हात सवयीने वर गेला, तिथे चार भोकं होती. बाहेर जेसिंताने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मी कपडे उतरवले, स्टुलावर बसलो, पहिला तांब्या अंगावर घेतला. तीन दिवसांनी पाणी लागलं आणि कातडी सगळीकडून जागी झाली. "अंकल, बोलिए," बाहेरून. काय बोलू? आदल्या रात्री विचार करून ठेवला होता, पण ऐन वेळी सगळं पळालं. श्लोक म्हणवेनात, ते मोठ्याने म्हटले की कीर्तन वाटतं. नुसतं बोलावं तर कोणाशी? शेवटी तोंडात जे आलं ते म्हणायला लागलो, आणि आला तो औटकीचा पाढा, साडेतीनचा, चौथीत गुरुजींनी हातावर छडी मारून पाठ करून घेतलेला. एक औटं साडेतीन. दोन औटं सात. तीन औटं साडेदहा. आवाज टाइल्सवर आपटून मोठा होऊन परत येत होता. चार औटं चौदा. साबण लावला, खुबा हळूच चोळला. डाग पिवळसर होत चालला होता. पाच औटं साडेसतरा, सहा औटं एकवीस. डाव्या हाताने नवा दांडा धरला होता आणि तो हलत नव्हता, चांगला बसवला होता सुताराने. नऊ औटं साडेएकतीस. दहा औटं पस्तीस. अकरा औटं.

अकरा औटं काही येईना. तांब्या हातात, डोळ्यांत साबण, आणि डोक्यात नुसती पांढरी जागा. बेरीज करावी तर पस्तीसच हाताला लागेनात. हेच ते का, असं मनात आलं. पडणं वेगळं, त्याला दांडा बसवता येतो. हे जायला लागलं तर? गार पाणी पाठीवरून खाली जात होतं. मी गप्प होतो. किती वेळ, कोण जाणे. ती आता विचारील, आणि मी काय सांगू, की मी पडलेलो नाही, फक्त अडलोय? खुर्ची सरकली. दार हललं नाही.

"साढ़े अड़तीस," बाहेरून जेसिंता म्हणाली.

तिला औटकी कुठली यायला. तिने ती कधी ऐकलीच नव्हती. ती बाहेर बसून, एकेक ओळ ऐकत, पुढची मनातल्या मनात करत आली होती.

"हर बार साढ़े तीन बढ़ता है ना?" ती म्हणाली. "अंकल? ठीक हो?"

मी तांब्या खाली ठेवला. मी रडत होतो, अंगावर पाणी असल्यामुळे मला ते उशिरा कळलं. आमची ही गेल्यापासून दाराबाहेर कोणी माझी वाट पाहत उभं राहिलं नव्हतं, आणि मला वाटत आलं होतं की कोणी नसणंच मला हवं आहे.

"बरोबर," मी मराठीतच म्हटलं. "अगदी बरोबर. बारा औटं बेचाळीस."

"आगे," ती म्हणाली.